एकवीस दिवस आधी

गुदैबियाच्या गल्लीत, कोल्ड स्टोअरच्या डाव्या हाताला
माझं टायपिंग सेंटर. दोन कॉम्प्युटर, एक खोकणारा प्रिंटर,
भिंतीवर चार भाषांत 'उधार नाही'.
माझं पोट शेवटच्या तारखेवर आहे.

लोक येतात ते तासभर उरलेला असताना.
सिल्हेटचा बशीर, पासपोर्टला त्याच्या खिशातला घाम,
दिलबहादूर, बाहेर गाडी चालूच ठेवून,
सलूनमधली मारिटेस, जिला आज कळलं
की व्हिसा परवाच संपला.
मी उजवीकडून डावीकडे टाइप करत जातो.
अक्षरं सगळी ओळखीची, अर्थ अर्धा.
घाईचे पाचशे फिल्स वेगळे.
देतात. शेवटच्या दिवशी घासाघीस कोण करतो?

मृण्मयी सातव्या महिन्यात आली.
सलमानियाच्या काचेच्या पेटीत, नळ्यांच्या आत कुठेतरी.
नर्स म्हणाली, हिला फार घाई दिसते.
कागदांना उशीर केला तो मी.
दुसऱ्यांचे फॉर्म भरता भरता तिचाच राहिला.
दंड भरला. पावती अजून आहे,
तिच्यावर अरबीत 'मिरनमाय',
आणि ती चूक माझ्याच बोटांची.

आता पुण्याच्या कॉलेजचा अर्ज होता.
मुदत एकतीस तारीख, रात्री बारा, भारतातले बारा,
म्हणजे इथले साडेनऊ.
या अडीच तासांनी किती जणांना गिळलंय
ते मी पाहिलंय, म्हणून तिला सारखं सांगत होतो.
आणि मनात सगळं ठरवून ठेवलं होतं:
त्या रात्री शटर लवकर ओढायचं,
नेट रडणार, वृषाली तिसऱ्यांदा चहा टाकणार,
फोटो मोठा आहे म्हणून साइट नाकारणार,
आणि मी म्हणणार, सरक, बघू दे मला.

दहा तारखेला, मंगळवारी दुपारी, ती दुकानात आली.
बशीरच्या मागे रांगेत उभी राहिली.
स्कॅनर मागितला, दहा मिनिटं.
गुणपत्रिका, माझा पगाराचा दाखला, पांढऱ्या पडद्यापुढचा फोटो.
एक निबंध होता, तो पालथा ठेवला.
मी बशीरचं आडनाव तिसऱ्यांदा खोडत होतो
तेव्हा मागून आवाज आला, बाबा, पाठवला.

काय पाठवला?
अर्ज.

तपासलास?
दोनदा. आईनंही एकदा.
मग मला का नाही दाखवलास?
ती दप्तराची चेन लावत होती.
तुम्ही घाईतलं तपासता, बाबा.
याला घाई नव्हती.

बशीरला मराठी येत नाही, तरी तो हसला.
मी खुर्ची ओढून पडद्यावर चूक शोधायला लागलो.
नावात नव्हती. जन्मतारखेत नव्हती.
पत्त्यात फ्लॅट, इमारत, रस्ता, ब्लॉक, ओळीनं सगळं.
खाली एक हिरवी खूण, आणि अर्ज क्रमांक,
शेवटी तीन शून्यं. मी तो पुठ्ठ्यावर लिहून घेतला,
कशाला, ते ठाऊक नाही.

मग एकवीस दिवस
आमच्या घरात काहीच घडलं नाही.
ती पोळ्या लाटायला शिकली, तिसरी जरा गोल झाली.
वृषालीबरोबर समुद्राकडे फेऱ्या मारून आली.
मीच अधूनमधून विचारायचो, काही आलं का?
एवढ्यात कसं येईल, बाबा.

एकतीस तारखेला रात्री एक मुलगा धापा टाकत आला,
केरळचा, कसल्याशा परीक्षेचा फॉर्म, बोटं थरथरत.
बस, म्हटलं. पाणी पी आधी.
टाइप करता करता घड्याळाकडे पाहिलं, साडेनऊ.
तिकडे कुठेतरी एक दार बंद झालं असेल,
त्याचा आवाज इथे आला नाही.
पैसे घेतले. घाईचेही घेतले.

घरी आलो तर ती कधीच झोपलेली.
जायचं अजून काही ठरलेलं नाही, उत्तरही यायचंय.
पण कपाटाचा खालचा कप्पा
तिनं आत्ताच रिकामा करून, पुसून ठेवलाय.